लघु व्यापारी संघटनांची आर्थिक पारदर्शकता

एखाद्या बाजारपेठेतील, तालुक्यातील किंवा विशिष्ट व्यवसायातील व्यापाऱ्यांनी नफ्याच्या हेतूविना चालविलेल्या संघटनेकडे पैसा कोठून आला, तो कशावर खर्च झाला आणि शिल्लक कोठे ठेवली आहे, हे सभासदांना, शासनाला आणि आवश्यक तेथे जनतेला समजेल अशा रीतीने मांडण्याच्या पद्धतीस व्यापारी संघटनांची आर्थिक पारदर्शकता असे म्हणता येईल. किराणा-भुसार व्यापारी, कापडविक्रेते, सराफ, औषधविक्रेते, मुद्रक, उपाहारगृहचालक अशा बहुतेक व्यवसायांच्या संघटना महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांपैकी बहुसंख्य संघटनांचा कारभार मानद पदाधिकारी आपापले दुकान सांभाळून पाहतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील अशा लहान संघटनांचा विचार केला आहे.

शासनाकडे विहित कागदपत्रे सादर करणे आणि पारदर्शक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दरवर्षी वेळेवर लेखापरीक्षण अहवाल दाखल करणाऱ्या संघटनेच्या सभासदालाही आपल्या वर्गणीचे काय झाले हे ठाऊक नसू शकते.

पार्श्वभूमी

पश्चिम भारतात व्यापारी संघटनांची परंपरा जुनी आहे. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ मध्ये, इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ मध्ये, तर वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स १९२७ मध्ये स्थापन झाली. पुण्यातील मराठा चेंबर १९३४ मधील आहे. मुंबईच्या शेअर दलालांनी १८७५ मध्ये स्थापन केलेली संघटना ही आरंभी केवळ व्यावसायिकांची एक मंडळी होती. पुढे ती मुंबई शेअर बाजार म्हणून प्रसिद्धीस आली आणि १९५७ मध्ये तिला केंद्र सरकारची मान्यता मिळाली. या मोठ्या संस्थांना स्वतःची कार्यालये, पगारी सचिव आणि छापील वार्षिक अहवाल लाभले. लहान संघटनांच्या वाट्याला यांपैकी फारसे काही आले नाही. त्यांचे दप्तर बहुधा कार्यवाहांच्या दुकानात असते आणि पदाधिकारी बदलले की दप्तरही दुसऱ्या दुकानात जाते.

व्यापार आणि धर्मादाय कार्य यांचा पैसा वेगळा ठेवण्याची गरज काही संघटनांनी पूर्वीच ओळखली होती. मुंबईच्या डबेवाल्यांनी १९५६ मध्ये धर्मादाय न्यास नोंदविला आणि व्यवसायविषयक कामकाजासाठी १९६८ मध्ये स्वतंत्र संघटना नोंदविली, हे त्याचे परिचित उदाहरण होय.

कायदेशीर स्वरूप

संघटना कोणत्या कायद्याखाली नोंदविली आहे, यावर तिचे हिशेब कोणाला पाहता येतील हे ठरते. महाराष्ट्रात लहान संघटना सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदविली जाते. या अधिनियमानुसार दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे कोणाही व्यक्तीला शुल्क भरून पाहता येतात. मूळ कायद्यातील हे शुल्क १ रुपया आहे. मात्र सविस्तर हिशेब सादर करण्याची जबाबदारी येते ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचे नाव : मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) यामुळे. धर्मादाय हेतूने स्थापन झालेली नोंदणीकृत संस्था या अधिनियमाच्या व्याख्येत ‘सार्वजनिक न्यास’ ठरते आणि ‘सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट’ हाही धर्मादाय हेतू मानला जातो.

व्यापाराची उन्नती हे लोकोपयोगी उद्दिष्ट आहे की केवळ व्यापाऱ्यांच्या लाभाचे, हा प्रश्न जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या आयकरविषयक प्रकरणात व्यापार-उद्योगाचे संवर्धन हे लोकोपयोगी उद्दिष्ट असल्याचे मान्य केले. यातील तर्क असा की व्यापार वाढल्याने लाभ व्यापाऱ्यांपुरता राहत नाही. परंतु ज्या संघटनेला हा दर्जा हवा असतो, तिने समाजाला हिशेब देण्याचीही तयारी ठेवावी, ही अपेक्षा त्याच तर्कातून निघते. दर्जा मागताना संघटना सार्वजनिक असते आणि हिशेब विचारला की खासगी होते, असा अनुभव विरळा नाही.

काही संघटना कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदविलेल्या असतात (१९५६ च्या अधिनियमात हे कलम २५ होते). अशा कंपनीला लाभांश वाटता येत नाही. तिची वित्तीय विवरणपत्रे कंपनी निबंधकाकडे दाखल होतात आणि शुल्क भरून ती कोणालाही ऑनलाइन पाहता येतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही पद्धत सर्वांत खुली असली, तरी तिचा खर्च व तांत्रिकता लहान संघटनांना झेपत नाही. मालकवर्गाच्या काही संघटना ट्रेड युनियन अधिनियम, १९२६ खालीही नोंदविल्या गेल्या, कारण त्या अधिनियमातील व्याख्येत मालकांच्या परस्परसंबंधांचे नियमन करणाऱ्या संघटनाही येत होत्या. हिशेबाची पुस्तके तपासण्याचा सभासदाचा हक्क त्या अधिनियमाने स्पष्ट शब्दांत दिला होता.

लेखापरीक्षकाचा अहवाल

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाचा लेखापरीक्षण अहवाल हा केवळ ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रकापुरता नसतो. ताळेबंद अनुसूची ८ च्या, तर उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची ९ च्या नमुन्यात असते. त्यांखेरीज नियमांनी ठरवून दिलेल्या प्रश्नांची उत्तरे लेखापरीक्षकाला द्यावी लागतात. सामान्य सभासद हे प्रश्न क्वचितच वाचतो. वस्तुतः संघटनेची प्रकृती आकड्यांपेक्षा या उत्तरांतून अधिक कळते.

हिशेब नियमितपणे आणि कायद्यानुसार ठेवले आहेत काय, लेखापरीक्षणाच्या दिवशी हातची रोकड व प्रमाणके हिशेबाशी जुळत होती काय, स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही अद्ययावत आहे काय, न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर खर्च झाला काय, एक वर्षाहून अधिक काळ थकलेली येणी किती आणि निर्लेखित केलेली रक्कम किती, हे त्यांपैकी काही प्रश्न होत. सभा नियमाप्रमाणे झाल्या काय, इतिवृत्ताची वही ठेवली आहे काय, विश्वस्तांपैकी कोणी न्यासाचा ऋणको वा धनको आहे काय, गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचे हितसंबंध गुंतलेले आहेत काय, असेही विचारले जाते. मागील वर्षी दाखविलेल्या अनियमितता दूर केल्या काय, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सलग काही वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून या एकाच प्रश्नाची उत्तरे वाचली, तरी कार्यकारिणीचा स्वभाव ध्यानात येतो.

५,००० रुपयांहून अधिक खर्चाच्या दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागविल्या काय, असाही एक प्रश्न या यादीत आहे. आजच्या दरात कार्यालयाच्या एका भिंतीचा रंगही या मर्यादेत बसणे कठीण. कालबाह्य मर्यादेमुळे असे प्रश्न केवळ सोपस्कार ठरतात आणि त्यांच्या शेजारचे गंभीर प्रश्नही त्याच सवयीने ‘होय’, ‘नाही’, ‘लागू नाही’ असे भरले जातात.

लेखापरीक्षण आणि तपास या दोहोंतही फरक आहे. लेखापरीक्षक पुस्तकात उतरलेल्या व्यवहारांची तपासणी करतो. जी पावती फाडलीच गेली नाही, ती त्याच्यासमोर येत नाही. म्हणून अनुक्रमांक छापलेली पावतीपुस्तके, कोणाला कोणते पुस्तक दिले याची नोंद आणि न वापरलेली पुस्तके परत घेण्याची शिस्त या साध्या गोष्टींना महत्त्व आहे.

निधींची सरमिसळ

लहान संघटनांतील आर्थिक वादांना अपहारच कारणीभूत असतो असे नाही. वेगवेगळ्या हेतूंनी आलेला पैसा एकाच खात्यात जमा होणे आणि जमा-खर्चाच्या बेरजेवरून सारे ठीक असल्याचा समज होणे, हे कारण अधिक सामान्य आहे. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

एका तालुक्याच्या व्यापारी संघटनेचे १५० सभासद आहेत व वार्षिक वर्गणी १,००० रुपये आहे. वर्षभरात वर्गणीचे १,५०,००० रुपये, स्मरणिकेतील जाहिरातींचे २,४०,००० रुपये, मुदत ठेवींवरील व्याजाचे ६०,००० रुपये आणि नियोजित इमारतीसाठी देणग्यांचे ५,००,००० रुपये जमा झाले. एकूण ९,५०,००० रुपये. कार्यालय व सेवकाचे वेतन १,८०,००० रुपये, वार्षिक मेळावा ३,१०,००० रुपये आणि स्मरणिकेची छपाई ९०,००० रुपये असा ५,८०,००० रुपये खर्च झाला. सर्वसाधारण सभेत खजिनदार ३,७०,००० रुपये शिल्लक असल्याचे सांगतात आणि टाळ्या पडतात.

आता इमारत निधी बाजूला काढला, तर चित्र पालटते. संघटनेचे नियमित उत्पन्न ४,५०,००० रुपये आणि खर्च ५,८०,००० रुपये. म्हणजे १,३०,००० रुपयांची तूट आहे. ही तूट इमारत निधीतून भागविली गेली. इमारतीसाठी म्हणून घेतलेल्या ५ लाखांतील १,३०,००० रुपये मेळाव्याच्या मंडपात आणि जेवणावळीत गेले, याची देणगीदाराला कल्पनाही नसते. कोणी पैसा खिशात घातलेला नाही, तरीही विश्वासाचा भंग झालेला आहे. जमा-खर्च पत्रक आणि उत्पन्न-खर्च पत्रक यांतील भेद येथे कळीचा ठरतो. पहिले पत्रक रोकडीची ये-जा दाखविते. दुसरे त्या वर्षाचे उत्पन्न त्या वर्षाच्या खर्चास पुरले काय, हे सांगते. विशिष्ट हेतूचा निधी ताळेबंदात वेगळा दाखवावा आणि शक्य तर त्याचे बँक खातेही वेगळे असावे, असा संकेत याच कारणाने रूढ झाला. पूरग्रस्तांसाठी किंवा आजारी सभासदासाठी घाईने गोळा केलेल्या मदतीच्या बाबतीत हा संकेत सर्वांत आधी मोडतो.

कर आणि वर्गणी

सभासदांनी एकत्र जमविलेला पैसा सभासदांसाठीच खर्च झाला, तर त्यातून कोणाला उत्पन्न झाले असे म्हणता येत नाही. या कल्पनेला पारस्परिकतेचे तत्त्व म्हणतात. या तत्त्वाला मर्यादा आहेत. बंगळूर क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की क्लबची सभासद असलेल्या बँकेत ठेवलेल्या ठेवींवरील व्याजाला हे तत्त्व लागू होत नाही. बँकेने तो पैसा इतरांना कर्जाऊ दिला की परस्परतेचे वर्तुळ तुटते. शिवाय व्यापारी किंवा व्यावसायिक संघटनेने सभासदांना दिलेल्या विशिष्ट सेवांपासूनचे उत्पन्न हे धंद्याचे उत्पन्न मानले जाईल, अशी स्पष्ट तरतूद आयकर अधिनियम, १९६१ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून या अधिनियमाची जागा आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे.

लोकोपयोगी संस्था म्हणून करसवलत घेणाऱ्या संघटनांच्या शुल्कयुक्त सेवांवर कायद्याने एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद नगर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यानंतर प्रदर्शनातील गाळेभाडे, प्रशिक्षणशुल्क, स्मरणिकेतील जाहिराती यांच्या नोंदी वेगळ्या ठेवण्याची निकड वाढली.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, व्यापार-उद्योगाच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेने सभासदाकडून घेतलेली वर्षाला १,००० रुपयांपर्यंतची वर्गणी २०१८ च्या अधिसूचनेने करमुक्त केली. संस्था आणि तिचे सभासद कायद्याने एकच आहेत, हा बचाव २०२१ च्या वित्त अधिनियमाने १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतला.

आयकर विवरणपत्र सामान्य सभासदाला पाहता येत नाही. करखात्याला सर्व माहिती दिली आहे, हे उत्तर म्हणूनच सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

उत्पन्नाचे स्रोत आणि सार्वजनिक हित

व्यापारी संघटनेचे हिशेब सभासदांपलीकडच्या लोकांनाही का कळावेत, असा प्रश्न विचारला जातो. संघटना शासनाला निवेदने देते, बंद पुकारते, शासकीय समित्यांवर प्रतिनिधी पाठविते. ती कोणाच्या पैशावर चालते, हे समजल्याशिवाय ती कोणाच्या वतीने बोलते हे समजत नाही. ज्या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेचे निम्मे उत्पन्न एखाद्या मोठ्या उत्पादकाच्या जाहिरातींतून येते, तिच्या निवेदनाकडे पाहण्याची दृष्टी हा तपशील कळताच बदलते.

औषधविक्रेत्यांच्या संघटनांसंबंधीच्या प्रकरणांत भारतीय स्पर्धा आयोगाने घाऊक विक्रेता नेमण्यापूर्वी संघटनेचे ना हरकत पत्र घेण्याची प्रथा आणि नव्या औषधांच्या माहितीपोटी उत्पादकांकडून घेतले जाणारे शुल्क या दोहोंचा विचार केला होता. ना हरकत पत्राची सक्ती आयोगाने स्पर्धाविरोधी ठरविली. संघटनेचे उत्पन्न आणि तिचे बाजारातील वर्तन यांचा संबंध कसा असू शकतो, हे या प्रकरणांवरून दिसते.

अमेरिकेत व्यापारी संघटनांना आयकर संहितेच्या कलम ५०१(सी)(६) खाली करमाफी मिळते. त्या बदल्यात त्यांचे वार्षिक विवरणपत्र, ‘फॉर्म ९९०’, मागेल त्याला तीन वर्षांपर्यंत दाखविणे बंधनकारक आहे. पदाधिकाऱ्यांचे व प्रमुख सेवकांचे वेतनही त्यात दिलेले असते. वार्षिक जमा साधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या संस्थेला केवळ एक छोटी इलेक्ट्रॉनिक सूचना भरावी लागते. सलग तीन वर्षे तीही न भरल्यास करमाफी आपोआप रद्द होते. याच कलमाखाली करमाफी घेणाऱ्या नॅशनल फुटबॉल लीगने २०१५ मध्ये ती स्वतःहून सोडली. लहान संस्थेवर लहान ओझे, पण ते टाळल्यास निश्चित परिणाम, ही या व्यवस्थेतील घेण्याजोगी बाब आहे. महाराष्ट्रात मात्र वर्षानुवर्षे अहवाल न देणारी संघटनाही कागदोपत्री जिवंत राहू शकते.

बदल अर्ज आणि ठेवी

पदाधिकारी बदलल्यास ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणुकीवर आक्षेप आल्यास हा अर्ज दीर्घकाळ प्रलंबित राहतो. अशा वेळी दोन गट आपापली कार्यकारिणी खरी असल्याचे सांगतात, बँक दोघांच्याही सह्या नाकारते आणि सेवकाचे वेतन थांबते. जुन्या कार्यकारिणीने दप्तर दिले नाही, म्हणून नव्या कार्यकारिणीला लेखापरीक्षण करून घेता येत नाही. हिशेब दरवर्षी सभेपुढे मंजूर झालेले असतील, तर असे वाद लवकर मिटतात. नसतील, तर जुन्या वर्षांचा प्रत्येक खर्च नव्या भांडणाचे कारण होतो.

शिल्लक रक्कम कोठे ठेवली आहे, हाही प्रश्न दुर्लक्षित राहतो. सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा याचे निर्बंध कायद्यात आहेत. तथापि, पदाधिकारी ज्या सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे संचालक असतात, तेथेच संघटनेच्या ठेवी ठेवण्याची रीत अनेक गावांत आढळते. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेसाठी ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा आरंभी प्रत्येक खात्यातून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. त्यामुळे वार्षिक अहवालात ‘मुदत ठेवी’ एवढी एकच ओळ न देता बँकेचे नाव, रक्कम, व्याजदर आणि मुदत संपण्याचा दिनांक देणे इष्ट ठरते.

सभासदाला उपलब्ध मार्ग

पहिला मार्ग वार्षिक सर्वसाधारण सभेचा. सभेच्या सूचनेसोबत हिशेबपत्रके पाठविली गेली, तर सभासद ती घरी वाचून येऊ शकतो. सभागृहाच्या दारात हाती दिलेला अहवाल मात्र अल्पोपाहारापूर्वी मंजूर होतो. सभेत लेखी प्रश्न विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरता येतो.

संघटना कागदपत्रे देत नसेल, तर धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागता येते. येथे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चाही उपयोग होतो. खासगी संघटना सामान्यतः या अधिनियमाखाली ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नसते. पण खासगी संस्थेविषयीची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्याखाली मिळविता येते, ती ‘माहिती’च्या व्याख्येत समाविष्ट आहे. केरळमधील थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहकारी संस्था स्वतः या कायद्याच्या कक्षेत येत नसल्याचे सांगताना, निबंधकाला कायद्याने मिळविता येणारी माहिती नागरिक त्याच्याकडून मागू शकतो, हेही स्पष्ट केले. अर्ज संघटनेकडे न करता धर्मादाय कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा लागतो. अर्जशुल्क १० रुपये आहे. वैयक्तिक स्वरूपाची माहिती मागितल्यास ती नाकारली जाऊ शकते, म्हणून अर्जात संघटनेचा नोंदणी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि हवे असलेले पत्रक यांचा नेमका उल्लेख करणे आवश्यक असते.